‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा

पत्र:
मी मराठी माध्यमात शिकले. मधली बरीच वर्षं नोकरी नव्हती, आता एका कंपनीच्या हिशेब विभागात लागले आहे. कामापुरतं इंग्रजी येतं. अवघड शब्द आला तर अर्थ बघते, तो लक्षातही राहतो. मला अडवतात ते सोपे शब्द, आणि त्यातही ‘गेट’. मागच्या महिन्यात दुसऱ्या देशातल्या एका सहकाऱ्याने मला एक तक्ता पाठवला आणि थोड्या वेळाने विचारलं, ‘डिड यू गेट इट?’ मी तक्ता नुसता उघडून ठेवला होता, वाचला नव्हता. मला वाटलं, समजला का असं विचारतोय. मी लिहिलं, ‘नो, नॉट येट.’ त्याने तो परत पाठवला. मी परत तेच लिहिलं. शेवटी त्याने माझ्या वरिष्ठांना कळवलं की हिला मेल पोचत नाहीत. उलगडा झाल्यावर कुणी रागावलं नाही, पण मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याच रात्री शब्दकोश उघडून वहीत ‘गेट’चे अर्थ उतरवायला घेतले. पानंच्या पानं भरली, तरी संपेनात. आता तर उलटंच झालंय: कुणी ‘गेट’ म्हटलं की ती सगळी यादी डोक्यात फिरते आणि पुढचं बोलणं निसटतं. एवढे अर्थ लक्षात ठेवायची काही रीत आहे का? की माझं वय निघून गेलं? शिवाय, नोकरीच्या पत्रव्यवहारात ‘गेट’ वापरू नये असं शाळेत सांगायचे, ते खरं का? आणि जाता जाता एक शंका: काही जण ‘गॉट’ म्हणतात, काही ‘गॉटन’. बरोबर कोणतं?

उत्तर:
ताई, वयाची काळजी सोडा. ज्या वाक्यावर तुम्ही अडलात ते वाक्य खरोखरच दुहेरी आहे. ‘डिड यू गेट इट?’ म्हणजे ‘मिळालं का?’ आणि ‘डिड यू गेट इट?’ म्हणजेच ‘कळलं का?’ शब्द तेच, क्रम तोच, उच्चारही तोच. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हे वाक्य नुसतं कागदावर लिहून दिलं, तर यातला कोणता अर्थ हे त्यालाही सांगता येणार नाही. तो विचारेल, आधी काय घडलं होतं? काही पाठवल्यावर हा प्रश्न आला असेल तर ‘मिळालं का’. काही समजावून सांगितल्यावर किंवा विनोद केल्यावर आला असेल तर ‘कळलं का’. तुमच्या सहकाऱ्याने तक्ता पाठवला होता, समजावला नव्हता. तेवढाच धागा हातात होता, आणि तो सुटला कारण तुमचं सगळं लक्ष त्या एका शब्दावर गेलं.

असा प्रश्न पुन्हा आला तर उत्तर ‘यस’ किंवा ‘नो’वर थांबवू नका. उत्तरात स्वच्छ अर्थाचं क्रियापद घाला: ‘रिसीव्ह्ड, विल रीड इट टुडे.’ कळलं असेल तर ‘अंडरस्टुड’. प्रश्न समजण्यात तुमची गल्लत झाली असली तरी असं उत्तर वाचून समोरच्याला ती लगेच दिसते आणि तिथल्या तिथे मिटते. ही सवय नवशिक्यांनीच लावून घ्यावी असंही नाही. लेखी कामात मुरलेली माणसंसुद्धा असंच लिहितात, कारण पुढे कुणी तो निरोप पुन्हा वाचला तर त्यालाही शंका येऊ नये.

बोलताना याच शब्दाच्या काही जवळजवळच्या छटा कानावर येतील, त्या एकदा नीट बघून घ्या. कुणी काम समजावून सांगितलं आणि तुम्ही ‘गॉट इट’ म्हणालात, तर ‘समजलं, करते’. ‘आय गेट इट’ म्हणालात तर ‘तुमचं म्हणणं कळतंय मला’, त्यात थोडी सहानुभूतीही येते. ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणजे ‘हे काही कळत नाहीये’. ‘आय डिडन्ट गेट इट’ मात्र पुन्हा दुहेरी, मिळालंही नसेल किंवा कळलंही नसेल. आणि बैठकीत कुणी ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणालं तर बहुतेक वेळा त्याला तुमचं वाक्य नीट ऐकू आलेलं नसतं. तेव्हा तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणायचं. समजलं नाही असं धरून नव्याने समजावत बसायचं नाही.

आता वहीकडे येते. अर्थ पाठ करायची रीत विचारलीत. अशी रीत नाही, आणि तिची गरजही नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. ती सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि तिच्यात नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ दिले होते. पुढे कोशाचं नवं संपादन सुरू झालं तसा हा विक्रम २००० साली ‘मेक’ने मोडला, २००७ साली ‘पुट’ने, आणि २०११ साली ‘रन’ने, ६४५ अर्थांनिशी. हे सगळे शब्द बघा: आखूड, रोजचे, पहिल्या इयत्तेतले. जो शब्द दिवसभर तोंडात असतो तोच ताणला जातो, नव्या नव्या कामाला जुंपला जातो. शास्त्रातला एखादा लांब शब्द एका अर्थापुरता जन्मतो आणि तिथेच राहतो, म्हणून तो तुम्हाला सोपा जातो. ६४५ अर्थ पाठ करून ‘रन’ वापरणारा माणूस जगात कुठेही नाही. तरीही तो शब्द सगळे बिनदिक्कत वापरतात.

कसं, ते तुम्हाला आतून माहीत आहे. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, आग लागते. दार लागतं, निकाल लागतो, वेळ लागतो, एखाद्या गोष्टीचा नाद लागतो. बोलणं मनाला लागतं. अमकी माझी मावशी लागते. मूल रडायला लागतं, आणि मला जावं लागतं. तुमच्याच पत्रात ‘हिशेब विभागात लागले आहे’ असं आहे. याची वही तुम्ही कधी केली होती का? ‘लागणे’ म्हणजे नेमकं काय असं कुणी विचारलं तर क्षणभर गप्पच व्हाल, पण यातलं एकही वाक्य ऐकताना अडणार नाही. कारण तुम्ही ‘लागणे’चा अर्थ लावतच नाही. तुम्ही ‘भूक’ ऐकता, ‘निकाल’ ऐकता, ‘जावं’ ऐकता, आणि ‘लागणे’ येईपर्यंत काम झालेलं असतं.

माझ्या मते तुमच्या सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्याचा अर्थ ठरवणारा शब्द आधी येऊन गेलेला असतो. इंग्रजीत ‘गेट’ आधी येतो आणि त्याचा अर्थ ठरवणारा शब्द मागाहून. तुम्ही ‘गेट’ ऐकता क्षणी थांबता, वहीतली यादी चाळायला लागता, आणि तेवढ्या वेळात नेमका तो निर्णायक शब्द कानावरून जातो. म्हणून ‘गेट’ ऐकलं की काहीही करू नका. पुढचा शब्द येऊ द्या. तो नाम आहे, विशेषण आहे, क्रियापदाचं तिसरं रूप आहे, की ‘टु’ आहे, एवढंच बघा. तिथून अर्थ आपोआप लागतो.

याआधी ‘गेट’च्या स्वभावाबद्दल थोडं. हा शब्द इंग्रजीत बाहेरून आला. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘गेता’ हे क्रियापद पुढे इंग्रजीत रुळलं. ‘दे’, ‘देम’ आणि ‘टेक’ हे आज अगदी घरचे वाटणारे शब्दही त्याच भाषेतून आले. ‘गेता’ म्हणजे मिळवणे, गाठणे. हे ‘गाठणे’ मला फार महत्त्वाचं वाटतं. वस्तू गाठली तर ती मिळाली, जागा गाठली तर पोचलो, आणि एखादी अवस्था गाठली तर तसे झालो. ‘गेट’च्या बहुतेक वापरांत ही हालचाल आहे: आधी नव्हतं, आता झालं. ‘आय अ‍ॅम टायर्ड’ म्हणजे मी दमलेली आहे. ‘आय अ‍ॅम गेटिंग टायर्ड’ म्हणजे दमत चालले आहे. ‘दे आर मॅरिड’ म्हणजे ते विवाहित आहेत, ‘दे गॉट मॅरिड’ म्हणजे त्यांनी लग्न केलं. ‘बी’, म्हणजे अ‍ॅम, इज, आर ही रूपं, स्थिती सांगतो आणि ‘गेट’ त्या स्थितीत जाणं सांगतो. एवढी एक गोष्ट धरून ठेवलीत तरी अर्धी वही रिकामी होते.

पुढे साधं नाम आलं तर फार विचार नको. मिळणे, आणणे, घेणे, पकडणे यांपैकी काहीतरी असतं आणि ते नामावरूनच कळतं. पत्र मिळतं, नोकरी मिळते, सर्दी होते, गाडी पकडली जाते. आधी माणसाचं नाम किंवा सर्वनाम आणि लागोपाठ वस्तूचं नाम आलं, ‘गेट मी अ चेअर’, तर कुणासाठी तरी आणून देणं. दाराची घंटा वाजल्यावर कुणी ‘आय विल गेट इट’ म्हणालं तर ‘मी बघते’.

पुढे विशेषण आलं तर ‘होणे’. थंड होणे, ओलं होणे, बरं होणे, रागावणे, अंधारणे. इथे एक जागा जपायची आहे. विशेषणाला ‘गेट’ चालतो म्हणून माणसाच्या पेशाला चालत नाही. ‘ती डॉक्टर झाली’ याला ‘शी बिकेम अ डॉक्टर’ हवं. ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हटलंत तर तिने डॉक्टरला बोलावून आणलं असा अर्थ होईल, कारण पुढे नाम आलं आणि नाम आलं की ‘मिळवणे, आणणे’. बघा, पुढच्या शब्दाचा नियम किती कडक आहे.

आता शाळेत पाठ केलेला तक्ता आठवा: गो, वेंट, गॉन. त्यातलं तिसरं रूप ‘गेट’च्या पुढे आलं की आपला कर्मणी प्रयोग होतो. ‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला. ‘ही गॉट प्रमोटेड’, त्याला बढती मिळाली. ‘वी गॉट पेड’, पगार झाला. हेच ‘वॉज’ लावूनही म्हणता येतं, मग फरक काय? ‘गॉट’मध्ये काहीतरी अंगावर आल्याची, एखादी घटना कुणाला तरी लागल्याची जाणीव असते, भली किंवा वाईट. म्हणून माणसांबद्दल आणि त्यांच्या वस्तूंबद्दल तो सहज येतो. ‘हा पूल फार पूर्वी बांधला गेला’ अशा शांत माहितीला ‘वॉज बिल्ट’च हवं. तिथे ‘गॉट बिल्ट’ कानाला खटकतं. मधे ‘हिमसेल्फ’ आला तर आणखी एक छटा येते. ‘ही वॉज फायर्ड’ म्हणजे त्याला कामावरून काढलं. ‘ही गॉट हिमसेल्फ फायर्ड’ म्हणजे तो नोकरी घालवून बसला. दोष कुणाचा ते त्या एका शब्दाने सांगितलं.

यापुढचा प्रकार तुम्हाला कामात रोज लागेल, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात तीही इथेच. ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय गॉट द लॅपटॉप रिपेअर्ड’, लॅपटॉप दुरुस्त करून घेतला. मराठीत आपण ‘मी केस कापले’ असं सर्रास म्हणतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं आणि ‘आय कट माय हेअर’ झालं, की ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही आरशासमोर उभ्या राहून स्वतःच कापलेत. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवं. ‘मी हिशेब तपासले’ आणि ‘मी हिशेब तपासून घेतले’ यातला फरक तुमच्या विभागात किती मोठा आहे ते मी सांगायला नको. ‘आय चेक्ड द अकाउंट्स’ म्हटलंत तर जबाबदारी तुमची. ‘आय गॉट द अकाउंट्स चेक्ड’ म्हटलंत तर तपासणारा दुसरा कुणीतरी. शब्दांचा क्रम मात्र पक्का ठेवा: वस्तू मधे, तिसरं रूप नंतर. ‘गॉट चेक्ड द अकाउंट्स’ असं होत नाही.

याच रचनेत ‘डन’ आला की ‘उरकणे, पार पाडणे’. ‘आय विल गेट इट डन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत करून टाकते. स्वतः करा किंवा करवून घ्या, काम होईल एवढा शब्द तुम्ही दिलात. आणि क्वचित याच साच्यात अपघातही येतो: ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’. बोट दारात सापडलं, तिने ते मुद्दाम अडकवून घेतलेलं नाही. अर्थ बघूनच हे कळतं.

वस्तूच्या जागी माणूस आला आणि त्यापुढे ‘टु’ आणि क्रियापद आलं, तर कुणाकडून तरी काम करून घेणं, आणि बहुतेकदा त्याला पटवून, मागे लागून. ‘आय गॉट हिम टु साइन’, सही मिळवली एकदाची. याच्या शेजारी आणखी दोन वाक्यं ठेवून बघा. ‘आय मेड हिम साइन’, सही करायला भाग पाडलं. ‘आय हॅड हिम साइन’, सांगितलं आणि त्याने केली, त्यात काही विशेष नाही. वरिष्ठांची सही घेऊन आलात आणि ‘आय मेड हिम साइन’ असं लिहून गेलात, तर वाचणारा दचकेल. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यापुढे ‘टु’ येत नाही, ‘गेट’पुढे यावाच लागतो. ‘गॉट हिम साइन’ ही चूक मी फार वाचते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता ज्या जोडीने भल्याभल्यांची तारांबळ उडते ती. ‘आय गेट टु गो’ आणि ‘आय हॅव गॉट टु गो’. दिसायला बहिणी, अर्थाने समोरासमोर. पहिलं म्हणजे ‘मला जायला मिळतं’, दुसरं म्हणजे ‘मला जावं लागतं’. पहिल्यात आनंद, दुसऱ्यात सक्ती. आपल्याकडे हा फरक ‘मिळणे’ आणि ‘लागणे’ यांनी स्वच्छ पडतो, इंग्रजीत तो एका ‘हॅव’वर तोललेला आहे. त्यात बोलताना ‘हॅव’ गिळला जातो, ‘आय गॉट टु गो’ किंवा घाईत ‘गॉटा गो’ एवढंच ऐकू येतं. मग ओळखायचं कसं? वाक्याच्या काळाकडे बघा. ‘गॉट टु’ने आत्ताची किंवा पुढची गोष्ट चालली असेल तर सक्ती: ‘आय गॉट टु फिनिश धिस टुडे’. घडून गेलेली गोष्ट असेल तर संधी: ‘लास्ट इयर आय गॉट टु मीट हर’, गेल्या वर्षी मला तिला भेटायला मिळालं. घडून गेलेल्या सक्तीला ‘हॅड टु’ आहे, तिथे ‘गॉट टु’ येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की ‘गेट टु नो’ म्हणजे ओळख वाढणं, हळूहळू माहीत होत जाणं. तिथे संधीपेक्षा सावकाश पोचण्याचा अर्थ आहे.

‘टु’पुढे जागा आली तर पोचणे, आणि ते सोपं आहे. फक्त ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ घालायचा नाही. ‘आय गॉट होम लेट.’

राहिले ते छोटे शब्द: अप, ऑन, ऑफ, ओव्हर, थ्रू आणि त्यांचे भाऊबंद. वहीत सगळ्यात जास्त पानं यांनीच खाल्ली असणार. हे मात्र एकेक करूनच ओळखीचे होतात, आणि मी सगळे सांगत बसणार नाही. काहींत दिशा ठळक दिसते. बस, रेल्वे, विमान यांत ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’. मोटार आणि टॅक्सी यांत ‘गेट इन’, ‘गेट आउट’. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर स्वार होता येतं, त्याला ‘ऑन’. म्हणून सायकल आणि घोडाही ‘ऑन’मध्ये. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला ‘इन’.

काहींत ती दिशा मनाच्या व्यवहारात शिरलेली आहे, आणि मला हे शब्द मनापासून आवडतात, कारण त्यांना आपल्याकडे नेमके जोडीदार आहेत. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं. ‘गेट बाय’ म्हणजे आहे त्यात भागवणं. ‘गेट थ्रू’ म्हणजे कठीण काळ निभावून नेणं, फोनच्या बाबतीत फोन लागणं. ‘गेट अवे विथ’ला तर आपला ‘पचणे’ चपखल बसतो: ‘ही गॉट अवे विथ इट’, त्याला ते पचलं. ‘गेट राउंड टु’ तुमच्या उपयोगाचा आहे. एखादं काम राहून गेलं आणि मुद्दाम टाळलं नव्हतं, तर ‘आय हॅवन्ट गॉट राउंड टु इट येट’, अजून त्याला हात लावायला सवड झाली नाही. आणि कुणी ‘व्हॉट आर यू गेटिंग अ‍ॅट?’ असं विचारलं तर तो पत्ता विचारत नाही. तुमच्या बोलण्याचा रोख कुठे आहे ते विचारतोय, आणि बहुधा त्याला तो आवडलेला नाही. तिथे आवाज खाली ठेवून मुद्दा नीट मांडायचा.

शाळेत सांगितलेल्या गोष्टीबद्दल विचारलंत. ‘गेट’ चुकीचा नाही. तो बोलीचा शब्द आहे. नोकरीचा अर्ज, करार, तक्रारीचं पत्र, लेखापरीक्षणाला द्यायचा खुलासा यांत तो कमी वापरावा हे खरं. तिथे ‘रिसीव्ह्ड’, ‘ऑब्टेन्ड’, ‘अरेंज्ड’ असे एका अर्थाचे शब्द बरे, कारण त्या कागदावर दुहेरी अर्थ महागात पडतो. पण म्हणून तो सगळीकडून हद्दपार करायचा हे मला अजिबात पटत नाही. सहकाऱ्याशी गप्पा मारताना ‘आय बिकेम टायर्ड’ म्हणणारा पुस्तकी वाटतो, आणि सर्दीला ‘ऑब्टेन’ तर कुणीच करत नाही. ‘गेट’ टाळून बोलणारा माणूस बरोबर बोलूनही परका वाटत राहतो. तुम्हाला त्या लोकांबरोबर रोज काम करायचं आहे, तर हा शब्द तोंडात रुळायलाच हवा.

यासाठी वही टाकू नका, नव्याने आखा. आधीची पानं अर्थांप्रमाणे होती. आता पान पुढच्या शब्दाप्रमाणे करा: एक नामाचं, एक विशेषणाचं, एक तिसऱ्या रूपाचं, एक ‘टु’चं, एक छोट्या शब्दांचं. शब्दकोशातली वाक्यं त्यात उतरवू नका. तुमच्या कामाच्या मेलमध्ये शोधाच्या चौकटीत ‘गेट’ टाका, मग ‘गॉट’ टाका. तुम्हालाच आलेली, तुमच्याच कामाची वाक्यं समोर येतील. कोण बोलतंय, कशाबद्दल, आधी काय झालं होतं हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असेल, त्यामुळे अर्थ लावायला शब्दकोश लागणार नाही. ती वाक्यं ज्या त्या पानावर पूर्ण लिहा, मराठी अर्थ शेजारी न लिहिता. आठवड्याने परत वाचा. एखादं वाक्य अडलं तर त्याच्याखाली प्रसंग लिहा, अर्थ नको: ‘हे तक्ता पाठवल्यावर विचारलं होतं’. तेवढं पुरतं.

आणि ऐकताना घाई नको. मराठी ऐकताना आपण शेवटच्या क्रियापदाची वाट बघतच असतो. ‘त्याने ते पत्र’ एवढं ऐकून कुणी अर्थ ठरवत नाही, फाडलं की वाचलं की लपवलं ते येऊ देतो. ही थांबायची सवय तुमच्यात लहानपणापासून आहे. ती इंग्रजीत न्यायची आहे, एवढंच.

‘गॉट’ आणि ‘गॉटन’ दोन्ही बरोबर आहेत. साध्या भूतकाळात जगभर ‘गॉट’च चालतो, ‘आय गॉटन अ लेटर’ कुठेच चालत नाही. फरक पडतो ‘हॅव’नंतर. ब्रिटिश इंग्रजीत ‘हॅव गॉट’ सगळ्या कामांना पुरतो. अमेरिकन इंग्रजीत त्याचे दोन भाग होतात: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली. ‘इट हॅज गॉटन लेट’, उशीर झाला, हेही अमेरिकन. पुष्कळांना ‘गॉटन’ नवा, बिघडलेला शब्द वाटतो. तसं नाही. तो जुना आहे, इंग्लंडमध्येही चालायचा. तिकडे तो मागे पडला, अमेरिकेत टिकला. आजही इंग्लंडमध्ये ‘फर्गॉटन’ म्हणतात, आणि वाममार्गाने मिळवलेल्या पैशाला ‘इल-गॉटन’. तुमच्या कंपनीतले लेखी कागद ज्या वळणाचे असतील तेच वळण तुम्ही लिहिताना धरा. बोलण्यात दोन्ही मिसळले तरी कुणी अडणार नाही.